ग्रहणांक शून्य

समोरून येणाऱ्या गाडीने दिवसाढवळ्या दोनदा दिवे मिचकावले की पुढे पोलीस दबा धरून बसलेत, हे कळायला एके काळी कुणाला शाळेत जावं लागत नव्हतं. ड्रायव्हर लोक याला डिपर मारणं म्हणत. डिपर मारणाऱ्याचा चेहराही धड दिसत नसे, पुन्हा गाठ पडायची शक्यता नसे, तरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून माणूस अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. पोलीस मागे पडले की समोरून येणाऱ्या पुढच्या अनोळख्याला आपणही डिपर मारायचा, एवढीच त्याची परतफेड. आडनाव कळल्याशिवाय नीट न बोलणाऱ्या आपल्या मुलखात ही एक भाषा सगळ्यांना येत होती. बहुधा म्हणूनच ती कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली.

गजानन शेलार हा या भाषेतला नामांकित बोलघेवडा. बंदरावर मासळीचा टेम्पो भरायचा, धामणखोलचा घाट चढायचा आणि देशावर निनवड्याच्या बाजारात माल उतरवायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. पोलीस दिसले की डिपर, म्हशी आडव्या असल्या की डिपर, वळणावर तेल सांडलं असलं की डिपर. कधी कधी तर नुसतं 'रामराम' म्हणायला. त्याची बायको सुनंदा निनवड्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. ती म्हणायची, "तुमच्या टेम्पोचे दिवे रस्ता बघायला कमी आणि गप्पा मारायला जास्त."

एके दिवशी गजाननच्या फोनवर नोटीस आली. घाटात करवंदीच्या जाळीआड वेग टिपणारा पोलिसांचा कॅमेरा बसवला होता, आणि त्याची खबर गजाननने समोरून येणाऱ्या अकरा गाड्यांना दिली, असा आरोप होता. गजानन चक्रावला. डिपर त्याने मारला होता हे खरं. पण त्या पट्ट्यात ना खांब होता, ना ड्रोन, ना माणूस. त्याचे दिवे पाहिले कुणी?

कुणीच पाहिले नव्हते, आणि इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल.

घाटरस्त्याच्या कडेने जमिनीखाली काचेच्या तंतूची केबल गेलेली असते. आपले फोन, आपले सिनेमे सगळं तिच्यातूनच जातं. या तंतूत एका टोकाने लेसरचा ठोका सोडला, की काचेतल्या बारीकसारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा प्रकाश मागे परततो. वरून गाडी गेली की जमीन थरथरते, तंतू किंचित ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो फरक वाचता आला की कुठली गाडी, कुठल्या जागी, किती वेगाने चाललीय, हे शेकडो कोसांवर खुर्चीत बसून कळतं. पण दंड करायला न्यायालयाला फोटो लागायचा. म्हणून झुडपातले कॅमेरे चालू राहिले, आणि केबलला दुसरं काम मिळालं. त्या यंत्रणेचं नाव 'कानोसा'.

कानोसा प्रत्येक ड्रायव्हरची चाल ओळखत असे. हा माणूस या उतारावर, अशा हवेत, एरवी किती वेगाने जातो, याचा अंदाज त्याच्याकडे तयार असे. वळण नाही, पाऊस नाही, आडवं जनावर नाही, तरी कॅमेऱ्याच्या अलीकडेच एखाद्याने वेग कमी केला, तर त्याला कुणीतरी सांगितलं असणार. असे दहाजण गोळा करायचे आणि त्या दहाही जणांना वाटेत समोरून भेटलेली एकच गाडी कोणती, ते शोधायचं. दिवा लावला, हात केला, की नुसती भुवई उडवली, याच्याशी यंत्राला देणंघेणं नव्हतं. ऐकणाऱ्याचं वागणं बदललं की बोलणारा आपोआप सापडत होता.

प्रकरण मार्ग लवादापुढे गेलं. गजाननच्या बाजूने नदाफ वकील उभे राहिले. निनवड्यातला हा म्हातारा वकील पक्षकारापेक्षा मुद्द्यावर जास्त प्रेम करायचा.

"दिवा मिचकावणं हे बोलणंच आहे," नदाफ म्हणाले. "आणि माझा अशील बोलला काय? तर सावकाश जा. हेच वाक्य सरकारने त्या घाटात जागोजागी पाट्यांवर लिहिलंय. लोक खरोखर सावकाश गेले. मग पाटीला शाबासकी आणि माणसाला शिक्षा, हे कसं?"

लोक हसले. लवादाच्या अध्यक्ष बाईही हसल्या. त्या सज्जन होत्या, आणि हेच वाईट होतं.

"तुमच्या अशिलाला बोलायची पूर्ण मुभा आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी दिवा लावावा, हात करावा, गाणं म्हणावं. बोलण्यावर बंदी घालणारे आम्ही कोण? आम्ही नोंद घेतो ती परिणामाची. ज्या बोलण्याने कुणाचाच वेग बदलत नाही, ते आमच्या लेखी बोलणंच नाही."

गजानन उभा राहिला. "म्हंजे बाई, कुणी ऐकलं न्हाई, तर मी मोकळा?"

"बरोबर समजलात."

त्याच्या परवान्यावर 'सावध' असा शिक्का बसला. पुन्हा असं घडलं, तर परवाना जन्मभरासाठी रद्द. बाहेर येऊन नदाफ वकिलांनी पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला. "शेलार, आपण हरलो ते ठीक. पण कशाने हरलो, ते मला अजून नीट कळलेलं नाही," असं म्हणून ते एसटी स्टँडकडे चालू लागले.

पुढच्या वर्षी ते सगळ्यांनाच कळलं. बोलणारे हुशार निघाले होते, रोज नवी खूण काढत होते. कानोसाने मग बोलणाऱ्यांचा नाद सोडला आणि ऐकणाऱ्यांना धरलं. समोरून कुणी गेल्यावर तुमचा वेग वारंवार बदलतो का? म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं ऐकता. त्याचा एक आकडा परवान्यावर छापून येऊ लागला. त्याला 'ग्रहणांक' म्हणत. ग्रहणांक वाढला की विम्याचा हप्ता वाढायचा, रुग्णवाहिका नाहीतर शाळेची बस चालवायची असेल तर तो शून्यच लागायचा.

माणसं किती पटकन शिकतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. वर्षभरात धामणखोलच्या घाटात डिपर मेला. समोर दिवा चमकला की ड्रायव्हर नजर दुसरीकडे वळवू लागले. ओळखीच्याने हात केला, तर त्याच्या बायकोला संध्याकाळी फोन करून सांगत, की त्याला म्हणावं, रस्त्यात असलं काही करत जाऊ नकोस. टायर फुटून उभ्या असलेल्या गाडीजवळ कुणी वेग कमी करेना. सुनंदाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर सरकारी अभ्यासक्रमात धडाच आला: समोरच्याच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष कसं करावं. सुनंदा तो धडा उत्तम शिकवायची. गाडी इशाऱ्यापाशी आली की मनातल्या मनात बाराचा पाढा म्हणायचा, ही तिचीच युक्ती. पाढ्यात गुंतलेलं डोकं पायाला काही सांगत नाही.

तिची एकच विद्यार्थिनी नापास होत होती. तिची स्वतःची मुलगी, तन्वी.

तन्वीला निनवड्याच्या आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका चालवायची होती. लहानपणी टेम्पोत बापाच्या शेजारी बसून ती दिव्याचं बटण दाबायची. नोकरीची निवड झालेली होती, फक्त शून्य ग्रहणांकाचा परवाना हवा होता. त्यासाठी 'स्थिरचित्त चाचणी' असे. उमेदवाराने घाट उतरायचा, शेजारी शिक्षक बसायचा, वाटेत कुठेतरी खात्याची माणसं दिवे मिचकावत, हातवारे करत, आणि उमेदवाराचा पाय हलता कामा नये. तन्वीचा दोनदा हलला. तिसरी संधी शेवटची होती, आणि केंद्राने तिच्यासाठी जागा तोवरच धरून ठेवली होती.

"बापाचं रक्त," सुनंदा म्हणाली. रागाने नाही, थकून.

त्या दिवशी गजानन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लेकीच्या पाठीवर थाप मारली. "चल बाई. ज्यानं बिघडवलं, त्योच सुधारंल. म्हसोबाच्या वळणावर मी उभा ऱ्हातो. तू वरनं गाडी घिऊन ये. मी काय बी केलं तरी बघायचं न्हाई."

पहिल्या दिवशी त्याने नुसता टॉवेल हलवला. तन्वीला हसू आलं, पाय उचलला गेला, गाडीतल्या पडद्यावर लाल आकडा आला. दुसऱ्या दिवशी तो आडवा उभा राहिला. नव्या गाड्यांना स्वतःची अक्कल असते. माणूस आडवा आला तर त्या थांबत नाहीत, मागची गाडी आदळू नये म्हणून अलगद वळसा घालून जातात. गाडी त्याला वळसा घालून गेली, पण तन्वीचा पाय पुन्हा उचलला गेलाच. मग गजाननला चेव आला. त्याच्या अंगात मुळातच नाटक्या होता. तो छाती धरून कोसळला. तो ओरडला, पूल गेला. तो ओरडला, तुझी आई पडली विहिरीत, तेव्हा शेजारी बसलेली सुनंदाच खुसखुसली. एकदा तो चक्क रडला, खरेखुरे अश्रू काढून. हळूहळू तन्वीचा चेहरा दगडासारखा होत गेला. ओठ पाढा म्हणत, डोळे समोर, पाय जिथल्या तिथे. पडद्यावर हिरवं शून्य येऊ लागलं. वळण ओलांडलं की गजानन मागून टाळ्या पिटायचा, आणि ती खिडकीतून हात बाहेर काढून हलवायची. हात हलवल्याने वेग बदलत नाही, त्यामुळे तेवढं चालत होतं.

शेवटच्या सरावाला तो म्हणाला, "आज मी येत न्हाई, बंदरावर काम हाय." आणि वळणावर हजर. मातीने कपडे माखलेले, दोन्ही हात वर, घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "तन्वी, दरड आली! खरंच आली! देवाशपथ खरं!"

तन्वी सरळ निघून गेली. शून्य.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने तिला जवळ घेतलं. "जितलीस. आता माझ्याजवळ नवं काय बी उरलं न्हाई."

"आबा, उद्या खरंच नका येऊ," तन्वी म्हणाली. "उद्या खरी परीक्षा हाय."

"न्हाई येत. माझा माल हाय उद्या."

"सकाळी बी असंच म्हणाला होता की."

सगळे हसले. सुनंदाने त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

भाद्रपदातला पाऊस आठवडाभर कोसळून त्या सकाळी उघडला होता. गजानन सुरमई भरून घाट चढत होता. वर म्हसोबाचं वळण, त्याच्या जरा खाली तो पोचला, तेव्हा त्याला रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्याच्या कडेने, एक भेग दिसली. दिसली तोवर उजवं मागचं चाक तिच्यात गेलं होतं. खालून कडाड असा आवाज आला आणि टेम्पो दरीच्या बाजूला कलून थांबला. अॅक्सल तुटला होता.

तो खाली उतरला. भेगेत हात घातला, तर खांद्यापर्यंत गेला, आणि बोटांना गार वारा लागला. रस्त्याखालची माती पावसाने वाहून नेली होती. दरीच्या बाजूची सगळी लेन, म्हणजे घाट उतरणारी लेन, नुसत्या डांबराच्या पापुद्र्यावर उभी होती.

टेम्पोतल्या मदत बटणावर त्याने बोट दाबून धरलं. "या भागात रस्ता सुस्थितीत आहे," गोड आवाज म्हणाला. "आपली श्रेणी सावध असल्याने आपली माहिती पडताळणीसाठी ठेवली आहे. प्रवास सुखाचा होवो." यंत्र खोटं बोलत नव्हतं. केबलखालची माती गेली की तिला जमिनीची थरथर पोचतच नाही. ती शांत होते, आणि शांतता म्हणजे सगळं ठीक, असं कानोसाला शिकवलेलं होतं.

आणि तन्वी वरून निघाली असणार. हे त्याला आठवलं, तेव्हा त्याने सुनंदाला फोन लावला, पण परीक्षेत फोन बंद ठेवावे लागत, तिचाही बंद होता.

टेम्पोचं तोंड वरच्या बाजूला होतं. त्याने दिवे मारायला सुरुवात केली. कित्येक महिन्यांनी, परवान्याची पर्वा न करता. वरून एक पांढरी गाडी आली. तिच्या चालकाने दिवे पाहिले, मान फिरवली आणि त्याच वेगाने भेगेच्या बाजूने निघून गेला. भेग बोटभर रुंदावली. गजाननने कडेचे दगड उचलून लेनमध्ये टाकले, एक फांदी ओढून आणली. त्या गाडीमागून वरून आलेली जीप दगडांना वळसा घालून गेली. आतल्या बाईने मुलाचे डोळे हाताने झाकले होते. भेग आणखी फाकली, आणि दरीकडचा कठडा आवाज न करता खाली गेला.

गजानन वर पळत सुटला. म्हसोबाच्या वळणावर पोचला, तेव्हा डोक्यावर पिवळी पाटी लावलेली परीक्षेची गाडी समोरून येत होती.

तो मधोमध उभा राहिला. दोन्ही हात वर, कपडे मातीने माखलेले. घसा फाटेस्तोवर ओरडला, "तन्वी, दरड! खरंच! देवाशपथ!"

ओरडता ओरडताच त्याला कळलं, की हे सगळं त्याने केलेलं आहे. हीच जागा, हेच कपडे, हेच शब्द. दुसरे शब्द तो शोधू लागला, पण पूल, आई, छातीतली कळ, सगळे वापरून झाले होते. शपथही वापरून झाली होती. माणसाने आपल्या लेकीला 'थांब' म्हणायचं, तर त्याच्याजवळ एकही कोरा शब्द उरला नव्हता.

गाडी त्याला अलगद वळसा घालून गेली. त्याने काचेवर थाप मारली. आत तन्वीची नजर समोर होती, चेहरा दगडासारखा, ओठ हलत होते. पाढा चालू होता. पलीकडे सुनंदा बसली होती. तिच्या पायाशी शिक्षकाचा ब्रेक होता. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच दटावलं, पुरे आता, पोरीची परीक्षा आहे.

वळण ओलांडल्यावर खिडकीतून तन्वीचा हात बाहेर आला आणि हलला.

मग रस्ता बसला. फार मोठा आवाजही झाला नाही.

चौकशी अधिकारी वयाने लहान आणि बोलायला मऊ होता. तो घरी आला, चप्पल बाहेर काढून आत आला, दोघींच्या फोटोला हात जोडले.

"शेलारकाका, तुमच्यावर काही ठपका नाही," तो म्हणाला. "उलट तुमची श्रेणी आम्ही पूर्ववत केलीय. त्या सकाळी त्या वळणावर कुणी इशारा दिल्याची नोंद नाही."

"मी वराडत हुतो," गजानन म्हणाला. "दिवं मारत हुतो. दगड टाकलं."

"काका, तीन गाड्या गेल्या. एकीचाही वेग बदलला नाही. परिणाम नसला की इशारा धरता येत नाही. नियमच तसा आहे."

गजाननने विचारलं, "पोरगी पास झाली का?"

अधिकाऱ्याने खाली पाहिलं. "ग्रहणांक शून्य आला होता, काका."

घाट पुन्हा बांधला, तीन महिन्यांत रहदारी सुरू झाली. केबलही नवी घातली. गजाननने टेम्पो विकला. आता तो म्हसोबाच्या वळणावर उभा असतो. वरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो, ओरडतो, कधी शिव्या देतो, कधी हात जोडतो. गाडीतल्यांना वाटतं, खात्याचा माणूस असावा, चाचणीसाठी उभा केलेला. ते पाढा म्हणत पुढे जातात.

नदाफ वकील एकदा त्याला परत न्यायला आले होते. चौकीतल्या हवालदाराला त्यांनी विचारलं, "याला इथून उठवत का नाही?"

"कशापायी उठवायचं, सायब?" हवालदार म्हणाला. "त्याला पायजे ते बोलू द्या की. कुणाचा येग बदलत न्हाई, मग गुन्हा कशाचा?"

वकील कठड्यावर बसले. वरून एक गाडी आली. गजाननने हात वर केले.